२३०० मीटरवरून ८०० मीटरवर: महाराष्ट्रातल्या लहान विमानतळांसाठी एक खुले पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण
महासंचालक, भारत हवामान विभाग
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी

महोदय, महोदया,

हिवाळ्यातल्या सकाळी आणि पावसाळ्यात कोणत्याही वेळी राज्यातल्या लहान विमानतळांवर एकच घोषणा ऐकू येते: खराब हवामानामुळे विमान रद्द. प्रवासी विचारतात, एवढ्याच धुक्यात मुंबईला विमाने उतरतात, मग इथे का नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांना कुणी देत नाही. मग लोकप्रतिनिधी 'आयएलएस बसवा', म्हणजे रेडिओलहरींनी विमानाला धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा बसवा, अशी मागणी करतात, फाइल वर्षानुवर्षे फिरते, आणि तोवर 'एकदा प्रयत्न तरी करून बघा' हा न बोललेला दाब वैमानिकावर राहतो.

आम्ही उड्डाण, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान निरीक्षण आणि धावपट्टीच्या दिव्यांची देखभाल या कामांतली माणसे आहोत. कमी दृश्यमानतेत विमान उतरवू न देणारा नियम बरोबर आहे आणि तो तसूभरही सैल करू नये, हे आधीच स्पष्ट करतो. पण त्या नियमातला आकडा प्रत्येक धावपट्टीला वेगळा असतो, आणि तो ज्या गोष्टींवर ठरतो त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या हातात आहेत. त्यांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे धावपट्टीच्या टोकाअलीकडचे अप्रोच (विमान उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याचा टप्पा) दिवे.

आकडा कुठून येतो ते पाहू. विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. आयएलएसच्या पहिल्या श्रेणीत निर्णय उंची (जिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर पुन्हा वर जायचे ती उंची) २०० फुटांपर्यंत खाली आणता येते, म्हणजे ६१ मीटर. त्या उंचीवर असताना, उताराची रेषा धावपट्टीला जिथे टेकते तो बिंदू विमानापासून सुमारे ११६० मीटर दूर असतो. हा बिंदू धावपट्टीच्या टोकापासून साधारण ३०० मीटर आत. म्हणजे टोक अजून ८६० मीटर पुढे आहे. वैमानिकाला विमानाच्या नाकाखालचे दिसत नाही. खिडकीतून १५ अंश खालपर्यंत दिसते असे धरले, तर जवळची सुमारे २३० मीटर जमीन झाकलेलीच असते. धुक्यात ५५० मीटरपर्यंतच नजर पोचत असेल, तर दिसण्याजोगा पट्टा उरतो जेमतेम ३२० मीटरचा: टोकाच्या अलीकडे ६३० मीटरपासून ३१० मीटरपर्यंत. धावपट्टी त्या पट्ट्यात येतच नाही.

तिथे दिवे असतील तरच काहीतरी दिसते. ९०० मीटरच्या पूर्ण मांडणीत मधल्या रेषेवर दर ३० मीटरला दिवे असतात, म्हणजे त्या पट्ट्यात दहा-अकरा दिव्यांची सरळ ओळ दिसते आणि ३०० मीटरवरची आडवी पट्टी नजरेत येण्याच्या बेतात असते. ओळीवरून विमान डावीकडे आहे की उजवीकडे ते कळते, आडव्या पट्टीवरून पंख समतल आहेत का ते कळते. ४२० मीटरच्या साध्या मांडणीत दिवे दर ६० मीटरला असतात, त्यामुळे त्याच पट्ट्यात दोनच दिसतील. दिवेच नसतील तर समोर नुसता पांढरा पडदा. आणि हे सगळे पाहायला वेळ किती? १४० नॉट वेगाने विमान सेकंदाला ७२ मीटर पुढे सरकते आणि २०० फुटांवरून जमिनीला टेकायला सुमारे १६ सेकंद उरलेले असतात. त्यातले पहिले दोन-तीन सेकंद उपकरणांवरची नजर उचलून बाहेर स्थिरावण्यातच जातात.

नियमातला तक्ता याच भूमितीवर उभा आहे. निर्णय उंचीपासूनचे उताराचे आडवे अंतर घ्यायचे आणि त्यातून अप्रोच दिव्यांची लांबी वजा करायची. निर्णय उंची २०० फूट असेल आणि दिवे ७२० मीटर किंवा जास्त लांबीचे असतील, तर ५५० मीटर आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवरचा दृश्यपल्ला, पुरतो. वजाबाकीचे उत्तर त्याहून कमी येते, पण पहिल्या श्रेणीची किमान मर्यादा तिथेच थांबते. दिवे ४२० ते ७१९ मीटर असतील तर ७५०. २१० ते ४१९ असतील तर १०००. त्याहून आखूड किंवा मुळीच नसतील तर १२००. आयएलएस तोच, विमान तेच, वैमानिक तोच. फक्त दिवे नसल्यामुळे आवश्यक दृश्यपल्ला दुपटीहून अधिक होतो. निर्णय उंची वाढते तसा पुढचा प्रत्येक आकडाही वाढतो. जास्त निर्णय उंचीच्या ओळींत हिशेबाचा कोन थोडा मोठा धरतात. निर्णय उंची ४०० फूट असेल तर पूर्ण दिव्यांसह ११०० मीटर लागतात, दिव्यांविना १८००.

दिव्यांशिवाय बसवलेला आयएलएस हा अर्धाच खर्च असतो, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

आता लहान विमानतळाची परिस्थिती घेऊ. उपकरणांच्या आधारे उतरण्याची एकही प्रकाशित पद्धत नसेल, तर विमान डोळ्यांनी पाहूनच, म्हणजे व्हीएफआर नियमांनी उतरवावे लागते आणि त्याला ५००० मीटर दृश्यमानता लागते. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कमी दृश्यमानतेमुळे तिथली उड्डाणे काही आठवडे थांबली होती. पाच किलोमीटर म्हणजे काय ते ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पाचट पेटलेल्या संध्याकाळनंतरची सकाळ, नदीकाठची दमट हवा, वारा नाही: पाच किलोमीटर दिसायला दहा-अकरा वाजतात. त्यातही जमिनीलगतचे धुके सूर्य उगवल्यावर लगेच विरत नाही. पहिल्या उन्हाने हवा थोडी ढवळली की ते आधी दाट होते आणि मग उचलते. त्यामुळे सकाळी साडेसातचे विमान साडेसहाच्या विमानापेक्षा सुरक्षित वेळेत आहे असे गृहीत धरता येत नाही.

तिथे व्हीओआर (जमिनीवरून दिशा दाखवणारे रेडिओ यंत्र) बसवून साधी पद्धत आखली, तर अडथळ्यांमुळे किमान उंची बऱ्याचदा ५०० फुटांच्या आसपास येते. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० साठी दिव्यांविना आकडा होतो २३०० मीटर. त्यातही पायऱ्या-पायऱ्यांनी उतरून मग सपाट उडत धावपट्टी शोधण्याची जुनी रीत वापरली, तर या वर्गाच्या विमानांना आणखी ४०० मीटर जोडावे लागतात आणि एटीआरसारख्या लहान विमानांच्या वर्गाला २००. ही भर योग्यच आहे. जमिनीजवळ, ढगाच्या तळाशी, सपाट उडत धावपट्टी शोधण्याने जगात खूप माणसे गेली आहेत. सलग एकाच उताराने खाली यायचे आणि ठरलेल्या उंचीवर काही दिसले नाही तर वर जायचे, हीच रीत धरली पाहिजे.

पुढची पायरी गगनची. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ही उपग्रह-आधारित यंत्रणा २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी प्रमाणित झाली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोच्या एटीआर विमानाने गगनच्या आधारे एलपीव्ही पद्धतीने, म्हणजे उपग्रहावरून दिशा आणि उतार दोन्हींचे मार्गदर्शन घेत, उतरून दाखवले. किशनगडसारख्या लहान धावपट्टीवर हे झाले, ही आमच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट. एलपीव्हीला विमानतळावर अँटेना लागत नाही, लोकलायझरसमोरची (आयएलएसच्या दिशा दाखवणाऱ्या अँटेनासमोरची) संवेदनशील जागा मोकळी ठेवावी लागत नाही, जमिनीवरच्या उपकरणांची नियमित उड्डाण-तपासणी सांभाळावी लागत नाही. लागते ते अडथळ्यांचे अचूक सर्वेक्षण, आखलेली आणि पडताळलेली पद्धत, विमानात गगनचे संकेत घेणारे उपकरण, आणि धावपट्टीच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे १४० मीटरची मोकळी पट्टी. अडथळे आड येत नसतील तर निर्णय उंची २५० फुटांपर्यंत खाली येते. दिव्यांविना मग १३०० मीटर पुरतात. आणि ४२० मीटरचे तीव्र अप्रोच दिवे असतील तर ८००.

५०००, २३००, १३००, ८००. धुके एकच आहे. नियम कुठेही सैल झालेला नाही. वैमानिकाला प्रत्येक पायरीवर अधिक दिसते किंवा अधिक अचूक वाट मिळते, म्हणून आकडा उतरतो.

दिव्यांचा विषय निघाला की जमिनीचा प्रश्न पुढे येतो. 'धावपट्टीच्या टोकापुढे शेतकऱ्यांची जमीन आहे, संपादन होत नाही' हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. म्हणून हिशेब मांडतो. अप्रोच दिव्यांसाठी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६० मीटर, म्हणजे १२० मीटर रुंदीचा पट्टा अडथळ्यांपासून मोकळा लागतो. पूर्ण ९०० मीटरसाठी ती जागा १०.८ हेक्टर, साधारण २७ एकर. हा आकडा ऐकून सगळे थांबतात. पण ४२० मीटरच्या मांडणीचे काय? धावपट्टीच्या शेवटापुढे ६० मीटरची पट्टी आणि त्यापुढे २४० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असेल, तर पहिले ३०० मीटर विमानतळाच्या कुंपणाच्या आतच आहेत. बाहेर उरतात १२० मीटर. १२० गुणिले १२० म्हणजे १.४४ हेक्टर, साडेतीन एकर. सुरक्षा क्षेत्र फक्त ९० मीटर असेल, तर बाहेर २७० मीटर लागतात, म्हणजे आठ एकर. तेही सगळे संपादन करायलाच हवे असे नाही. दिव्याच्या खांबापुरती जागा, केबलचा मार्ग, देखभालीसाठी वहिवाट, आणि पट्ट्यात उंच पीक, झाड किंवा बांधकाम होणार नाही असा करार, एवढ्यानेही भागू शकते. भुईमूग, हरभरा, कांदा दिव्यांना आड येत नाही, ऊस येतो. नाला किंवा रस्ता असेल तर धडकेने तुटून पडतील अशा हलक्या खांबांवर दिवे उंचावता येतात.

दोन्ही टोकांना एकदम दिवे लावायची गरजही नाही. दाट धुके असते तेव्हा वारा बहुधा नसतोच, मग कोणत्याही टोकाने उतरता येते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा विमान पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरते. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, शिर्डीची ०९/२७, सिंधुदुर्गची ०९/२७, म्हणजे तिन्ही साधारण पूर्व-पश्चिम. अशा धावपट्ट्यांवर डोंगर किंवा मनोरा आड येत नसेल, तर पूर्वेकडचे एकच टोक हिवाळा आणि पावसाळा दोन्हींचे काम करते. पैसा एका टोकापुरताच असेल तर तो तिथे लावावा.

बसवताना एक चूक हमखास होते, ती टाळावी. तक्त्यातल्या ४२० ते ७१९ मीटरच्या गटाचा लाभ तीव्र प्रकाशाच्या दिव्यांनाच मिळतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी मध्यम तीव्रतेचे दिवे घेतले, तर लांबी ४२० असूनही ते एक गट खाली धरले जातात आणि २०० फुटांचा आकडा ७५० ऐवजी १००० होतो. निविदेत लांबीसोबत तीव्रता स्पष्ट लिहिली पाहिजे. वीज गेल्यावर पर्यायी पुरवठा १५ सेकंदांत यायला हवा, आणि हे जनित्र खरोखरीच्या भारावर महिन्याला एकदा चालवून बघितले पाहिजे.

आणि मग देखभाल. पहिल्या श्रेणीत अप्रोच, टोक आणि कडेचे किमान ८५ टक्के दिवे चालू असले पाहिजेत, आणि लागोपाठचे दोन दिवे बंद नसावेत. दिवा पेटतो म्हणजे तो चालू धरला जात नाही. त्याचा प्रकाश अपेक्षित तीव्रतेच्या निम्म्याच्या खाली गेला की तो बंदच मोजायचा. काचेवरची लाल माती, रबराची काजळी, किंचित फिरलेला कोन आणि पावसाळ्यात दिव्याच्या वर वाढलेले गवत, या चार गोष्टी मोजणी न करता 'सर्व दिवे ठीक' असे लिहिणाऱ्या नोंदवहीत कधीच दिसत नाहीत. श्रावणात गवत गुडघाभर होते. कापणी दिव्यांच्या ओळीपासून सुरू व्हावी. अप्रोच दिवे बंद पडले तर त्या धावपट्टीचा आकडा दिव्यांविनाच्या स्तंभावर जातो, ५५० चा १२०० होतो. ही सूचना वैमानिकांपर्यंत निघण्याआधी पोचली तर त्यांना इंधन आणि पर्यायी विमानतळ नीट ठरवता येतो. हजार फुटांवर कळली तर परत फिरण्याखेरीज काही उरत नाही.

हवामान विभागाला आमची वेगळी विनंती आहे, कारण नियम शेवटी मोजलेल्या आकड्यावर चालतो. हवामान वृत्तातली दृश्यमानता म्हणजे क्षितिजाच्या किमान निम्म्या वर्तुळात मिळणारे अंतर. निरीक्षक पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, टेकडी अशा ठरलेल्या खुणांवरून ते सांगतो. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीच्या मधल्या रेषेवर असताना खुणा किंवा दिवे किती दूरवर दिसतील तो पल्ला. तो ट्रान्समिसोमीटर मोजतो: प्रकाशाचा झोत ठरावीक अंतर पार करताना किती क्षीण होतो, भोवतीचा उजेड किती आहे, आणि धावपट्टीचे दिवे कोणत्या तीव्रतेवर लावले आहेत, या तिन्हींवरून. तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. दिव्यांची तीव्रता प्रत्यक्षात कमी असेल आणि यंत्राला जास्त सांगितली असेल, तर आकडा फुगतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हवामान विभागाच्या सहकार्याने 'दृष्टी' हे देशी ट्रान्समिसोमीटर तयार केले आहे आणि ते आपल्या विमानतळांवर काम करत आहे. ते मोठ्या विमानतळांपुरते राहू नये. उतरण्याच्या टोकाजवळ एक यंत्र बसले तरी लहान विमानतळाचे चित्र बदलते.

यंत्र येईपर्यंत निरीक्षकाच्या आकड्याचे रूपांतर करावे लागते, आणि तिथेही दिवेच निर्णायक ठरतात. दिव्याचा प्रकाश काळ्या खुणेपेक्षा दूरवर दिसतो, म्हणून तीव्र अप्रोच आणि धावपट्टी दिवे असतील तर दिवसा दृश्यमानतेला दीडने आणि रात्री दोनने गुणतात. इतर प्रकारचे दिवे असतील तर दिवसा एकने, रात्री दीडने. दिवेच नसतील तर दिवसा एकने, आणि रात्री रूपांतर करताच येत नाही. म्हणजे निरीक्षकाने १००० मीटर सांगितले, तर दिवसा एका विमानतळावर ते १५०० धरले जातात आणि दुसऱ्यावर १०००. हे रूपांतर धावपट्टीवरून उड्डाण घेताना वापरायचे नाही, आरव्हीआर मोजलेला असताना वापरायचे नाही, आणि ८०० मीटरच्या खालच्या कोणत्याही मर्यादेसाठी वापरायचे नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवली की यंत्राचे मोल कळते: तक्ता ७५० देत असला, तरी मोजणी नसेल तर ८०० च्या खाली जाता येत नाही.

निरीक्षकांकडच्या खुणांच्या नकाशांची आज स्थिती अशी आहे की नवीन इमारतींनी जुन्या खुणा झाकल्या आहेत आणि काही खुणा उरलेल्याच नाहीत. हे नकाशे नव्याने मोजून घ्यावेत. धावपट्टीच्या दिशेने २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० मीटरवर निदान एकेक खूण असावी, आणि रात्रीसाठी ओळखीचा दिवा. पावसाळ्यात अर्ध्या तासाने निघणारे वृत्त पुरत नाही. कोकणात सर आली की दहा मिनिटांत ४००० चे ८०० होतात आणि पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा ४०००. बदल झाला की लगेच विशेष वृत्त निघावे, आणि ते देणारा माणूस विमान येण्याच्या वेळी खिडकीशी असावा.

आता मूळ बंदीबद्दल. आपल्या सर्व हवामानातील उड्डाणांच्या नियमावलीनुसार कळवलेला आरव्हीआर किंवा दृश्यमानता मर्यादेखाली असेल, तर विमानतळाच्या वर १००० फुटांच्या खाली अप्रोच चालू ठेवता येत नाही. त्यानंतर आकडा घसरला तर निर्णय उंचीपर्यंत जाता येते, आणि तिथे आवश्यक दिवे किंवा खुणा स्पष्ट दिसल्या तरच पुढे. १००० फुटांवरून जमिनीपर्यंत सुमारे ८० सेकंद लागतात. एवढ्या वेळात 'बघू तरी' म्हणून खाली गेलेला माणूस धूसर दिवा दिसला की त्याला चिकटतो, नाक थोडे खाली करतो, आणि उतार सुटतो. बंदी आहे ती या मोहापासून त्याला वाचवायला.

पण ती बंदी कळवलेल्या आकड्यावर उभी आहे. ज्या धावपट्टीवर प्रमाणित निरीक्षक नाही, यंत्र नाही, नियंत्रण मनोरा नाही, तिथे कळवणार कोण? कंपनीची खासगी विमाने आणि प्रचारातल्या नेत्यांची चार्टर विमाने अशा ठिकाणी येतात, आणि फोनवरून कुणीतरी 'साफ दिसतंय' म्हणून सांगतो. महासंचालनालयाला आमची आग्रहाची मागणी आहे: जिथे प्रमाणित हवामान वृत्त नाही, तिथे उपकरणांवरचा अप्रोच व्यावसायिक आणि चार्टर उड्डाणांना परवानगीयोग्य धरू नये, आणि व्हीएफआरची ५००० मीटरची अट वैमानिकाच्या अंदाजावर न सोडता नोंदवलेल्या निरीक्षणावर तपासावी. राज्य सरकारच्या धावपट्ट्यांवर प्रशिक्षित निरीक्षक आणि एक साधा फॉरवर्ड-स्कॅटर मापक (विखुरलेल्या प्रकाशावरून दृश्यमानता मोजणारे यंत्र) ठेवणे अवघड नाही.

घिरटी घालून दुसऱ्या टोकाने उतरण्याच्या पद्धतीबद्दल मोजकेच लिहितो. एकाच टोकाला पद्धत असेल आणि वारा उलटा असेल, तर विमान एका बाजूने खाली येऊन धावपट्टीला वळसा घालते. ए३२० च्या वर्गाला त्यासाठी किमान २४०० मीटर दृश्यमानता आणि ६०० फूट उंची धरली जाते. आकडे पुरेसे वाटतात, पण या वळशात विमान ढगाखाली, डोंगरांच्या बाजूने, नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर असते. २८ जुलै २०१० रोजी इस्लामाबादला एअरब्लूचे ए३२१ विमान पावसाळी हवेत असाच वळसा घेताना मार्गल्ला टेकड्यांवर आदळले आणि विमानातले सर्व १५२ जण गेले. सह्याद्रीच्या कुशीतल्या धावपट्ट्यांवर मोठ्या विमानांना पावसाळ्यात हा वळसा बंद करावा आणि दुसऱ्या टोकाला सरळ गगन पद्धत आखावी.

पावसाचा मुद्दा धुक्याहून वेगळा आहे. ट्रान्समिसोमीटर हवा मोजतो, कॉकपिटची काच मोजत नाही. काचेवर पाण्याचा थर असला की प्रकाश वाकतो आणि विमान आहे त्याहून उंच असल्याचा भास होतो. वैमानिक नकळत खाली येतो किंवा उशिरा टेकतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पावसात, मागून वारा असताना, ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर टोकापासून ४४३८ फूट आत जाऊन टेकले आणि पुढच्या दरीत गेले. २१ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरच्या काचेचा वायपर नीट चालत नसल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. दृश्यमानता मर्यादेत असणे आणि ओल्या धावपट्टीवर थांबता येणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. जूनपूर्वीच्या तपासणीत वायपर, काचेवरचे जलरोधक लेपन, धावपट्टीचे घर्षण आणि रबर काढल्याची तारीख या चार नोंदी एकत्र बघितल्या जाव्यात.

शेवटी प्रवाशांच्या त्या प्रश्नाचे उत्तर. प्रत्येक विमानतळाने प्रत्येक धावपट्टी-टोकासाठी एक पान मराठीत प्रसिद्ध करावे: कोणती अप्रोच पद्धत आहे, निर्णय उंची किती, अप्रोच दिवे किती मीटरचे आणि कोणत्या तीव्रतेचे, दृश्यमानता कशी मोजली जाते, आणि त्यावरून कोणत्या वर्गाच्या विमानाला किती मीटर लागतात. विमान रद्द झाले की घोषणेत 'खराब हवामान' न म्हणता आकडे सांगावेत: आवश्यक २३००, सकाळी सात वाजता ११००. प्रवासी समजूतदार असतात. आकडा कळला की ते वैमानिकावर चिडत नाहीत. वर्षअखेरीस त्याच नोंदींतून किती उड्डाणे ४२० मीटरच्या दिव्यांनी वाचली असती आणि किती कशानेही वाचली नसती, हे मोजता येईल. दिव्यांच्या निविदेवर सही करताना टेबलावर तो हिशेब असावा.

पुढचा नोव्हेंबर येण्याआधी निदान तीन गोष्टी व्हाव्यात, अशी आमची मागणी आहे. राज्यातल्या प्रत्येक नियमित उड्डाणांच्या विमानतळाचे पूर्वेकडचे किंवा योग्य ते टोक अप्रोच दिव्यांसाठी मोजून घ्यावे आणि कुंपणाबाहेर नेमकी किती जागा लागते तो आकडा जाहीर व्हावा. जिथे अडथळ्यांचे सर्वेक्षण झालेले आहे तिथे गगनची पद्धत आखायला घ्यावी. आणि निरीक्षकांचे खुणांचे नकाशे दुरुस्त व्हावेत. त्याला निविदाही लागत नाही, मोजपट्टी घेतलेला एक माणूस आणि एक आठवडा लागतो.

आपले,
विमान चालवणारे, उतरवून घेणारे, हवा मोजणारे आणि दिवे राखणारे काही जण